एकच मशीन, दोन पगार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी कामगार पुढारी नाही, वकील नाही आणि अर्थतज्ज्ञ तर नाहीच नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी ३६ वर्षे कारकुनी केली. १९७९ साली लागलो आणि २०१५ साली निवृत्त झालो. सकाळी गेट उघडायच्या आधी पोहोचायचे, पंचिंग कार्डे लावायची, मस्टर भरायचे आणि महिनाअखेर पगारपत्रक करायचे, असे माझे काम. त्यामुळे कोण किती तास राबतो आणि कोणाच्या हातात किती पडतात, हे दोन्ही आकडे माझ्या नजरेखालून जात. कारखान्यात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी पाहणारी माणसे फार थोडी असतात. आज मी त्या दोन आकड्यांविषयी बोलणार आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो. ते मुंबईच्या गिरणीत होते. साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यात. पहिली काही वर्षे ते ‘बदली’ होते. गिरणगावात वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. बदली कामगाराने रोज पाळीच्या वेळी आपले बदलीचे कार्ड घेऊन गिरणीच्या दारात हजर व्हायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, की त्याच्या जागी याला आत घ्यायचे. सगळे कायमवाले आले, तर याने घरी परतायचे. त्या दिवशीची कमाई शून्य. कोणाला आत घ्यायचे हे पूर्वी जॉबरच्या मर्जीवर असे आणि त्यात चिरीमिरी चाले. ती थांबावी म्हणून मुंबईत १९३५ साली बदली कामगारांची नोंद ठेवायची पद्धत सुरू झाली.

वडिलांना त्या दिवसांचा राग होता. महिन्यातले १२ दिवस काम मिळायचे, तर कधी ८. पण ते एक गोष्ट नेहमी सांगत. “साच्यावर उभा राहिलो की माझा भाव कायमवाल्याचाच. कापड तेवढंच, पैसा तेवढाच.” बदलीवाल्याला दिवस कमी मिळत, पण मिळालेल्या दिवसाचा दर कमी नसे. १९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा जो मोठा संप सुरू झाला, त्यात बदलीवाल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती. संपाचे पुढे काय झाले हे आपण जाणताच. वडिलांची गिरणीही गेली. पण त्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कारण मी नोकरीला लागलो त्या जगात पुढे नेमके उलटे झाले. तिथे हंगामी माणसाला काम रोज मिळत होते, दर मात्र अर्ध्याहूनही कमी होता.

मी लागलो तेव्हा आमच्याकडे ‘टेंपररी’ म्हणून मुले घेत. सात महिन्यांसाठी. श्रोत्यांपैकी कोणी भोसरी-चाकण भागात काम केले असेल, तर ‘सात महिन्यांचा ब्रेक’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा असेल. सातच का? तर महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत एक कलम होते. तात्पुरत्या किंवा बदली कामगाराने १२ महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केली, तर त्याला कायम करावे. म्हणून २४०चा आकडा जवळ यायच्या आत त्याला थांबवायचे, महिना-दोन महिने घरी बसवायचे आणि गरज असेल तर पुन्हा नव्याने घ्यायचे. अशा रीतीने माणसांना वर्षानुवर्षे टेंपररी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. कायद्यात लिहिलेले होते आणि ‘ब्रेक’ची यादीही दर महिन्याला निघत होती. ती यादी मीच करत होतो. कोणाचे किती दिवस भरले हे माझ्याच मस्टरमध्ये असे ना!

त्या काळात टेंपररी आणि परमनंट यांच्या पगारात फरक होता, पण डोळ्यांत भरण्याइतका नव्हता. तो वाढला नव्वदच्या दशकात, ठेकेदार आल्यावर. आता टेंपररी मुलगा कंपनीचा राहिला नाही, तो ठेकेदाराचा झाला. गेटवर येऊ लागला ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकातून. गणवेशाचा रंग वेगळा झाला, कँटीनचे कुपन वेगळे झाले, कंपनीच्या बसमध्ये त्याला जागा राहिली नाही. मशीन मात्र तेच होते.

हा फरक इतका का वाढत गेला, याचे उत्तर पगारपत्रक करणाऱ्याला लगेच दिसते. कायम कामगाराचा पगार वाढतो वेतन करारामुळे. आमच्याकडे दर तीन वर्षांनी युनियन आणि व्यवस्थापन समोरासमोर बसत, घासाघीस होई आणि पगारात चांगली भर पडे. त्यात वार्षिक वाढ, महागाई भत्ता, घरभाडे, शिक्षण भत्ता. ठेकेदाराच्या माणसासाठी करारच नव्हता. त्याचा पगार बांधलेला होता सरकारच्या किमान वेतनाशी. त्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, विशेष भत्त्याचे थोडे रुपये वाढत. किमान वेतन म्हणजे याच्या खाली देऊ नका अशी सरकारने आखलेली रेघ. पण आमच्या पट्ट्यात ती फरशी न राहता छत झाली. कायमवाला जिना चढत गेला आणि ठेकेदाराचा माणूस तळमजल्यावरच राहिला.

एका वर्षीचे आकडे मला आठवतात, कारण ते मी एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाहिले होते. २००८ सालची गोष्ट. प्रेस शॉपमध्ये एकाच पाळीत, एकाच प्रकारच्या प्रेसवर दोघे जण होते. एक कायम, १५ वर्षे जुना. दुसरा ठेकेदाराचा, लातूर जिल्ह्यातून आलेला, आयटीआय केलेला मुलगा. कायमवाल्याच्या हातात पडत होते साडेचौदा हजार. मुलाच्या हातात चार हजार दोनशे. दोघांना उत्पादनाचे लक्ष्य सारखेच. आता कोणी म्हणेल, १५ वर्षांच्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही? आहे. जरूर असावी. म्हणून मी नुकत्याच कायम झालेल्या, त्या मुलाच्याच वयाच्या एका कामगाराचे पगारपत्रक काढले. तेही मुलाच्या दुपटीहून जास्त होते. आणि गंमत म्हणजे त्या नव्या कामगाराला डाय कशी बसवायची हे शिकवले होते या ठेकेदाराच्या मुलाने.

हा हातात पडणाऱ्या पैशांतला फरक झाला. जो फरक हातात दिसत नाही, तो याहून मोठा आहे. बोनसचेच घ्या. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के. पण टक्के कशाचे? जेवढा पगार लहान, तेवढा बोनसही लहान. भविष्यनिर्वाह निधीचे तेच. ग्रॅच्युइटीचे तर विचारूच नका. १९७२च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे सलग सेवा झाली, की दर वर्षामागे १५ दिवसांचा शेवटचा पगार मिळायचा. पण सलग सेवा कोणाकडे? दर दोन वर्षांनी ठेका बदले. पाटी बदलली, माणसे तीच. सहा वर्षे त्याच प्रेसवर काम केलेल्या मुलाची कागदावर तीन ठेकेदारांकडची दोन-दोन वर्षे होत. त्याचे पीएफचे नंबरही तीन. २०१४ साली सर्वांना एकच कायमचा क्रमांक देण्याची पद्धत आली, तोवर कित्येकांचे पैसे जुन्या नंबरांत अडकून पडले. कुठे नावात चूक, तर कुठे जुना ठेकेदार सही द्यायला सापडत नाही.

श्रोते विचारतील, कायदा नव्हता का? होता. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्याखालच्या नियमांत अशी अट होती, की मुख्य मालकाकडचे कामगार जे काम करतात, तेच किंवा तशाच प्रकारचे काम ठेकेदाराचा माणूस करत असेल, तर त्याला पगार, सुट्ट्या, कामाचे तास हे सगळे सारखे मिळाले पाहिजे. ठेकेदाराच्या परवान्यातलीच अट होती ती. मग पळवाट कुठे होती? सांगतो. पळवाट माझ्या टेबलावर होती. ठेका असे ‘साफसफाई आणि माल चढ-उतार’ या कामाचा. त्या मुलाच्या नावापुढे हुद्दा लिहिलेला असे ‘हेल्पर’. प्रेस चालवणारा ऑपरेटर आणि माल उचलणारा हेल्पर ही कामे कागदावर तरी ‘तशाच प्रकारची’ नव्हतीच. तेव्हा समान पगाराचा प्रश्न निकालात!

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ठेकेदार पगार वाटतो तेव्हा मुख्य मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर असावा आणि पैसे आपल्यासमक्ष दिले गेले अशी त्याने सही करावी, असाही नियम होता. नियम चांगल्या हेतूने केलेला. ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणून ही सही. आमच्याकडे ती सही मी करत असे. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला गोदामामागच्या खोलीत मी खुर्चीवर बसे, ठेकेदाराचा माणूस पैसे मोजे, मुले सह्या करत आणि शेवटी मी. मी कधी खोटी सही केली नाही. पैसे खरोखरच माझ्यासमोर दिले जात. पण ‘हेल्पर’ या शब्दाखाली माझी सही होती आणि तो शब्द खोटा आहे हे मला माहीत होते.

२०११ साली तो लातूरचा मुलगा एका संध्याकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. ठेका पुन्हा बदलत होता आणि या वेळी नव्या यादीत त्याचे नाव नव्हते. चाकणला एका ठिकाणी ऑपरेटरची जागा होती आणि तिथे अनुभवाचा दाखला मागितला होता.

तो म्हणाला, “काका, मी सहा वर्षं प्रेस चालवली, एवढं लिहून द्या.”

मी म्हणालो, “अरे, तुझा दाखला ठेकेदार देणार. कंपनी कशी देईल?”

“त्यानं दिलाय. हेल्पर लिहिलंय. हेल्परला तिथं कोण घेतंय?”

“मग मी काय करू? कंपनीचा शिक्का मला मारता येत नाही.”

“शिक्का नको, काका. तुमच्या हातानं लिहा. तुम्ही रोज बघत होता की.”

मी लिहिले नाही. निवृत्तीला चार वर्षे होती, मुलाचे लग्न व्हायचे होते. उद्या तो कागद कामगार न्यायालयात उभा राहिला तर काय, हा विचार आधी मनात आला. मी त्याला म्हणालो, साहेबांशी बोलून बघतो. मी बोलणार नाही हे आम्हा दोघांनाही समजले होते. “बरं, काका,” म्हणून तो गेला. रागावला असता तरी मला बरे वाटले असते. पुढे तो कुठे लागला, लागला की नाही, मला माहीत नाही. त्याच्याविषयी मला एवढेच ठामपणे सांगता येते, की तो सहा वर्षे प्रेस चालवत होता. हे आज मी या माइकसमोर सांगतो आहे. तेव्हा कागदाच्या एका चिठोऱ्यावर लिहायला हवे होते.

हे फक्त कारखान्यांत होते असे समजू नका. माझी सून २००५ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘शिक्षण सेवक’ म्हणून लागली. ही योजना महाराष्ट्रात २००० साली सुरू झाली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३ हजार, माध्यमिकला ४ हजार, कनिष्ठ महाविद्यालयाला ५ हजार. शेजारच्या वर्गातली कायम शिक्षिका त्याच इयत्तेची दुसरी तुकडी शिकवत होती आणि तिचा पगार अडीच-तिपटीच्या घरात होता. दोन्ही वर्गांतली मुले सारखीच दंगा करत. एकदा जेवताना सून मला म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे निदान ठेकेदार तरी मधे आहे. आमच्याकडे मधे कोणीच नाही, तरी हा हिशोब!” पुढे हे मानधन ६, ८ आणि ९ हजार झाले. २०२३ साली ते १६, १८ आणि २० हजार करण्यात आले. ‘मानधन’ हा शब्द मोठा खुबीदार आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागे राहते.

मुंबईतल्या कचरा उचलणाऱ्या कामगारांची गोष्ट याच्याही पुढची. महापालिकेच्या कायम सफाई कामगारांबरोबर तोच कचरा, त्याच रस्त्यांवरून उचलणाऱ्या कंत्राटी माणसांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. स्वयंसेवकाला कसला आला पगार? आणि कसले किमान वेतन? ‘कचरा वाहतूक श्रमिक संघ’ या त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे कोर्टात लढा दिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि २०१७च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. निकाल लागल्यावरही शेकडो जणांचे घोडे अडले. कशावर? तर नावाच्या स्पेलिंगवर. एका कागदावर नाव एक तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने. कागदाने माणसाला कसे अडवता येते, हे मी टाइम ऑफिसात शिकलो होतोच.

न्यायालयांनी या विषयावर बरेच सांगितले आहे. ‘समान कामाला समान वेतन’ हे आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. दिल्ली पोलिसांतल्या एका वाहनचालकाच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला बळ दिले. मात्र २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की कंत्राटी पद्धत एखाद्या ठिकाणी बंद केली, तरी तिथले कामगार आपोआप मुख्य मालकाचे कायम कामगार होत नाहीत. २००६ साली उमादेवी प्रकरणात ठरले, की सरकारी खात्यात मागच्या दाराने लागलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. आणि मग आला २६ ऑक्टोबर २०१६चा निकाल, पंजाब सरकारविरुद्ध जगजितसिंग. न्यायमूर्ती खेहर आणि आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या पीठाने तो दिला. सरकारी खात्यातला तात्पुरता कर्मचारी कायम कर्मचाऱ्याचेच काम करत असेल, तर त्याला त्या वेतनश्रेणीतला किमान पगार तरी मिळालाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. कमी पगार कोणी राजीखुशीने घेत नाही, घरच्यांना दोन घास मिळावेत म्हणून स्वाभिमान बाजूला ठेवून घेतो, असाही त्या निकालाचा आशय होता. तो वाचला तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झाले होते. मला गोदामामागची ती खोली आठवली.

पण या निकालाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. त्याचा थेट फायदा सरकारच्या तात्पुरत्या नोकरांना. खासगी कारखान्यात ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला त्याचा आधार घ्यायचा, तर आधी ‘माझे काम तेच आहे’ हे सिद्ध करावे लागते. म्हणजे गाडी पुन्हा ‘हेल्पर’ या शब्दावर येऊन थांबते.

आता दुसरी बाजू. मालकांचे म्हणणे मी ३६ वर्षे ऐकले आहे आणि ते सगळेच खोटे नाही. ऑर्डर कधी येते, कधी जाते. वाहन उद्योगात मंदी आली, की एका महिन्यात काम निम्मे होते. कायम माणूस कमी करायचा, तर मोठ्या कारखान्याला सरकारची परवानगी लागते. तेव्हा कमी-जास्त करता येतील अशी माणसे हवीत, असे ते म्हणतात. ठीक आहे. पण मग माझा एक साधा प्रश्न आहे. गरजेपुरते मिळणे ही जर सोय असेल, तर सोयीची किंमत जास्त हवी की कमी? गावाकडे पाडव्याला सालगडी ठरतो. त्याला वर्षाची शाश्वती असते. सुगीत मात्र रोजाने माणूस लागतो आणि त्याची एका दिवसाची मजुरी सालगड्याच्या दिवसाच्या हिशोबापेक्षा चढीच असते. लॉजमधली एका रात्रीची खोली महिन्याच्या भाड्याच्या खोलीपेक्षा महागच पडते. अळूच्या जुडीपासून मंडपाच्या खुर्च्यांपर्यंत सगळीकडे थोडे घेणाऱ्याला जास्त मोजावे लागते. माणसाच्या घामाचाच हिशोब तेवढा उलटा का?

हा केवळ भाबडेपणाचा प्रश्न नाही. ऑस्ट्रेलियात हंगामी कामगाराला रजा आणि शाश्वती मिळत नाही म्हणून त्याच्या तासाच्या दरावर साधारण २५ टक्के जास्त देण्याची पद्धत आहे. युरोपीय संघाने २००८ साली एजन्सीमार्फत येणाऱ्या कामगारांना समान वागणूक देण्याचा नियम केला. जपानने २०२० सालापासून कायम आणि तात्पुरत्यांमधला अकारण फरक दूर करण्याचा कायदा लागू केला. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. पण जो अनिश्चितता सोसतो त्यालाच वर कमी पगार, हा काही निसर्गनियम नव्हे, एवढे यावरून कळते.

आणि कायम कामगारांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ते माझे मित्र, शेजारी. आमच्याकडच्या करारात ठेकेदाराच्या मुलांचा विषय निघाला, की युनियनचे लोक गप्प बसत. ‘आधी आपले पदरात पाडून घेऊ’ असे म्हणत. जड काम, रात्रपाळी, धुळीचे खाते या मुलांकडे सरकवले जाई आणि त्याला कायमवाल्यांचीही मूक संमती असे. ज्यांच्या जिवावर आपला करार भरघोस होतो, तीच माणसे उद्या आपल्या जागा घेतील, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. २०००च्या सुमारास देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत पाच कामगारांमागे साधारण एक ठेकेदाराचा होता. आज पाचांमागे दोन आहेत. आमच्या कारखान्यात मी निवृत्त झालो तेव्हा निवृत्त होणाऱ्याच्या जागी कायम माणूस भरणे जवळजवळ थांबलेच होते.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत विलीन झाला. त्यांत एक चांगली गोष्ट आहे. मालकाने स्वतः, ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर माणूस घेतला, तर त्याला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतका पगार आणि सवलती द्याव्या लागतात आणि एक वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. कामगारांना वर्षानुवर्षे टेंपररी ठेवणे ही अनुचित प्रथा, हेही नव्या संहितेत कायम आहे. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी माणूस लावायला मनाई आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि साफसफाई, माल चढ-उतार ही कामे सर्वसाधारणपणे मुख्य कामात धरलेली नाहीत. माझा अनुभव सांगतो, की खरी कसोटी तिथेच लागेल. माणूस साफसफाईच्या ठेक्यावर येईल आणि प्रेसवर उभा राहील. त्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे कोण तपासणार?

म्हणून शेवटी, आपल्यापैकी जे कोणी ठेकेदारामार्फत काम करत असतील, त्यांना एका जुन्या टाइमकीपरचा सल्ला. नेमणुकीचा कागद मागा. त्यावर आपला हुद्दा काय लिहिला आहे ते वाचा आणि चुकीचा असेल, तर त्याच दिवशी लेखी सांगा. पगाराची प्रत्येक चिठ्ठी, गेटपास, ईएसआयचे कार्ड जपून ठेवा. ठेका बदलला, तरी पीएफचा क्रमांक जुनाच लावायला सांगा आणि पैसे जमा होतात का ते मोबाइलवर पाहत जा. सगळ्या कागदांवर नाव एकाच तऱ्हेने लिहिले आहे ना, हे बघा. आणि एक वही ठेवा. रोज कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणाच्या हाताखाली काम केले, एक ओळ लिहा. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वाचनालयात अशी आठ-दहा मुले येतात. त्यांच्या वह्या मी तपासून देतो. एवढेच काय ते मला येते.

टाइम ऑफिसांत, लेखा विभागांत, शाळांच्या आणि नगरपालिकांच्या आस्थापना शाखेत बसणारे माझे भाऊबंदही हे ऐकत असतील. त्यांना हात जोडून सांगतो. धोरण आपण ठरवत नाही, हे खरे. पगार आपण वाढवू शकत नाही, हेही खरे. पण नावापुढचा शब्द आपण लिहितो. प्रेस चालवणाऱ्यापुढे ऑपरेटर लिहा. शिकवणाऱ्यापुढे शिक्षक लिहा. झाडू मारणारी बाई स्वयंसेवक नाही, ती सफाई कामगार आहे, तसे लिहा. आणि एखाद्या संध्याकाळी कोणी खिडकीशी येऊन एक ओळ लिहून मागितली, तर ती लिहून द्या.